नवव्या मजल्यावरून

“हॅलो, खाली कोणी आहे का? की मी भिंतीशीच बोलून राहिले?”

पॅनेलवर नवव्या मजल्याचा दिवा लागला तेव्हा मी कंट्रोल रूमच्या फरशीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर लॅपटॉप, दातांत वायर बांधायची पट्टी. धडपडत उठले आणि हँडसेट उचलला.

“आहे, आहे. बोला. कोण बोलतंय?”

“प्रमिला गजभिये. नववा मजला, विम्याचं ऑफिस. तुमचा एक माणूस सांगून गेला, मॅडम, हे लाल बटण खास तुमच्यासाठी बसवलंय, एकदा दाबून पाहा. माझ्यासाठी खास असं कोणी काही बसवत नाही, म्हणून लगेच दाबलं. येतो का आवाज?”

“स्वच्छ येतोय. माझा?”

“येतो. पण तू डब्यात बसल्यासारखी वाटतेस. लहान आहेस ना? तू म्हटलं तर चालते ना?”

“चालतं की.”

“चालतं की! म्हणजे तिकडली आहेस तू. पुण्याकडली.”

“साताऱ्याकडची. अमृता शेडगे.”

“चहा पितेस का, शेडगे? मग वर ये. डब्यातून काही दिसत नाहीस.”

नागपूरला, वर्धा रोडवरच्या एका नव्या उंच इमारतीत मी तेव्हा काम करत होते. नोकरीतलं ते माझं पहिलंच एकटीनं सांभाळलेलं काम. इमारतीला आग लागली की नुसता भोंगा वाजून भागत नाही. भोंगा ऐकून माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून मोठ्या इमारतींत माणसाचा आवाज ऐकवतात. घाबरू नका, लिफ्ट वापरू नका, जिन्याने खाली उतरा. हा आवाज कुठून यायचा आणि कुठल्या मजल्यावर जायचा ते ठरवणारं यंत्र म्हणजे राउटर, आणि त्याला हे सगळं शिकवणं म्हणजे माझी नोकरी. पडद्यावर तो चौकटीच्या कागदासारखा दिसतो. डाव्या बाजूला आवाज कुठून येतोय त्याची नावं, वरच्या बाजूला तो कुठं जाणार त्याची. दोन रेघा जिथं मिळतात त्या घरात खूण केली की वाट उघडते. खूण काढली की बंद.

चहाला मी खरंच वर गेले. प्रमिलाताई चाकांच्या खुर्चीत बसून होत्या. पन्नाशीच्या अलीकडच्या, कापलेले केस, कपाळ मोठं, आणि बोलताना समोरच्याला आरपार बघायची सवय. तान्ह्या वयात पोलिओ झालेला. जिन्याशेजारच्या एका बंदिस्त कोपऱ्यात, लाल बटणाच्या डब्यासमोरच, त्या माझी वाट बघत होत्या.

“मला नीट सांग,” त्या म्हणाल्या. “आग लागली की सारे जिन्यानं पळतील. आणि मी इथं येऊन बसायचं?”

“हो ताई. हे दार धूर अडवतं. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्यासाठीच ही जागा ठेवलेली असते. फायर ब्रिगेडची माणसं आधी इथंच येतात.”

“आणि तोवर?”

“तोवर मी बोलत राहीन ना तुमच्याशी.” मग मला माझीच चूक कळली. हे काम संपलं की मी इथं कुठं असणार? “म्हणजे खाली जो कोण असेल तो.”

“जो कोण असेल तो,” त्या हसल्या. “चहा घे. गार होते.”

पुढं चहा रोजचाच झाला. त्यांना सगळं जाणून घ्यायचं असे. एकदा विचारलं, “मी या डब्यात बोलले तर साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाते का?”

“नाही. फक्त खालच्या खोलीत. पण मी वाट उघडली तर कुठंही जाईल.”

“पोर्चमध्येही?”

“तिथं दोन मोठे स्पीकर आहेत, तिकडंही.”

“मग संध्याकाळी उघडत जा. मास्तर येऊन हॉर्न वाजवत बसते. त्याला वरूनच सांगीन, आले रे बाप्पा, जीव नको खाऊ.”

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, मिलिंद गजभिये. इंदोऱ्याकडच्या एका शाळेत कवायतीचे शिक्षक. छाती एवढी रुंद, की शर्टाची बटणं ताणलेली. इमारतीच्या पुढच्या बाजूला खुर्चीसाठी उतार केला होता, पण तो इतका उभा होता की त्यावरून कोणी खुर्ची नेऊ धजत नसे. मास्तर संध्याकाळी येत, खुर्चीसकट बायकोला उचलत आणि पायऱ्या उतरून तिला स्कूटरपाशी नेत. बघणारे बघत राहत.

“हळू, मास्तर. मी काय गोणी आहे?”

“गोणी बोलत नाही,” मास्तर म्हणत, आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं हसत.

त्यांना एकच मुलगी, संघमित्रा. बारावीला होती. घरात तिला मित्रा म्हणत.

आग लागली तो दिवस शनिवारचा. शनिवारी बहुतेक ऑफिसं अर्धा दिवस असत, म्हणून आमच्या चाचण्याही शनिवारी दुपारी चालायच्या. पाचव्या मजल्यावर एका ऑफिसचं लाकडी काम चालू होतं. प्लायवूड, फोम, डिंकाचे डबे, सगळं तिथंच रचून ठेवलेलं. जेवणं आटपायच्या सुमारास त्या सामानानं पेट घेतला.

यंत्रणा आपली आपण चालू झाली. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज मजल्यामजल्यांवरून बोलू लागला. माणसं जिन्यानं उतरताना मला कॅमेऱ्याच्या पडद्यांवर दिसत होती. काही कुरकुरत होती, काही हसत होती. शनिवारची टेस्टिंग, असंच सगळ्यांना वाटलं होतं. मग पाचव्याच्या कॅमेऱ्यात काहीच दिसेनासं झालं, आणि चौथ्यावरून उतरणारी माणसं धावू लागली.

नवव्याचा दिवा लागला.

“शेडगे, आज टेस्टिंग आहे म्हणून सांगायचं तरी. अर्धी पोळी हातात घेऊन आले मी.”

“ताई, टेस्टिंग नाही. पाचव्यावर आग लागलीय. दार लावलंय ना तुमचं?”

“लावलं,” त्या म्हणाल्या. “मोठी आहे का?”

“कोण आहे तुमच्याजवळ?”

“वसंता होता, आमचा शिपाई. बाकी सारे गेले घरी. त्याला एकट्याला मी उचलली जात नाही, म्हणून माणसं आणतो म्हणून खाली धावला. मोबाईल टेबलावर राहिला माझा. आणू का?”

“नको. दार उघडू नका. फायर ब्रिगेड निघालीय.”

वसंता माणसं घेऊन परत वर जाऊ शकला नाही. जाणं शक्यच नव्हतं. पाचव्याचा धूर दोन्ही जिन्यांत शिरला होता. एका जिन्याची दारं कामगारांनी सामान वर न्यायला विटा लावून उघडी ठेवली होती, दुसऱ्याची का उघडी होती ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

बंब आले. एक अधिकारी माझ्या खोलीत शिरले. मी त्यांना काय ते सांगितलं. नववा मजला, एक बाई, चाकांची खुर्ची, त्या कोपऱ्याला खिडकी नाही. त्यांनी वॉकीटॉकीवर ते पुढं सांगितलं. पलीकडून आलेलं उत्तर मीही ऐकलं. जवान चौथ्याच्या वर जाऊन परत फिरत होते. श्वासाच्या टाक्या घेतलेली दुसरी तुकडी वाटेत होती.

“तुम्ही तिच्याशी बोलत राहा,” अधिकारी म्हणाले. “तिला एकटं वाटू देऊ नका.”

“ताई, तुमच्याकडे पाणी आहे?”

“बाटली आहे.”

“अंगातला स्वेटर भिजवा आणि दाराच्या खालच्या फटीत कोंबा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग धापा. वाकून ते काम करणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला ऐकू येत होतं. मागं रेकॉर्ड केलेली बाई न थकता बोलत होती.

“झालं,” त्या म्हणाल्या. “शेडगे, ही बाई डोकं खाऊन राहिली. जिन्याने खाली उतरा, जिन्याने खाली उतरा. तिला सांग, मला जमत नाही.”

मी नवव्या मजल्याच्या घरातली खूण काढली. तिकडं एकदम शांत झालं.

“हां. आता बरं वाटते.” थोड्या वेळानं त्या खोकल्या. कोरडा, लहान खोकला. “धूर येऊन राहिला गं थोडा. वरून येते, दाराच्या वरून.”

मी ते अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली.

“मास्तर आला का?” प्रमिलाताईंनी विचारलं.

पुढच्या आवाराचा कॅमेरा खांबावर होता. त्यात आवाज येत नसे, नुसतं चित्र. शनिवारी मास्तर दुपारीच न्यायला यायचे, तसे ते बराच वेळ आधीच आले होते. मला ते आत धावताना दिसले होते, आणि जवानांनी दोन्ही काखांत हात घालून बाहेर आणतानाही. मग ते पुन्हा आत घुसले आणि पुन्हा बाहेर आणले गेले. आता त्यांचा चेहरा काजळीनं काळा झाला होता, एक बाही फाटून लोंबत होती. टेकाम नावाचा आमचा सुरक्षारक्षक आणि खाकी कपड्यातला एक बारका माणूस त्यांना दोन्हीकडून धरून होते.

“आलेत,” मी म्हणाले.

“काय करून राहिला?”

“उभे आहेत.”

“तुला खोटं बोलता येत नाही, शेडगे. तो उभा राहणारा माणूस नाही. वर यायला पाहून राहिला ना?”

पडद्यावर मास्तर टेकामच्या हातातून सुटायला धडपडत होते.

“सांग मला.”

“दोनदा आत जाऊन आले, ताई. जवानांनी ओढून आणलं बाहेर.”

त्या बराच वेळ खोकल्या. मग नुसता श्वास ऐकू आला.

“तिसऱ्यांदा येईल. तिसऱ्यांदा तो कोणाला सापडायचा नाही, अन् मी त्याला सापडायची नाही.” पुन्हा श्वास. “घरी पोरगी आहे माझी.”

“जवान येतायत, ताई. दुसरी टीम आलीय.”

“येऊ दे. शेडगे, तू म्हणाली होतीस ना, माझा आवाज पोर्चमध्ये जातो म्हणून? उघड ती वाट.”

मला वाटलं, त्यांना नवऱ्याला हाक मारायची आहे. किंवा माणूस शेवटी जे बोलतो ते बोलायचं आहे. अधिकारी माझ्याकडे पाठ करून वॉकीटॉकीवर बोलत होते. मी पडद्यावर नवव्या मजल्याची ओळ शोधली, पोर्चच्या स्पीकरांचा रकाना शोधला. घाईत खूण आधी शेजारच्या घरात पडली. ती काढून पुन्हा केली.

“उघडलीय. बोला, ताई. बाहेर ऐकू जाईल.”

“थांब जरा.”

त्यांनी पाणी प्यायलेलं ऐकू आलं. एकदा खोल खोकून त्यांनी घसा मोकळा केला. आणि मग जो आवाज आला तो इतका भरदार, इतका रागावलेला होता की मी हँडसेट कानापासून लांब धरला.

“मास्तर! ओ मास्तर! तिकडं काय तमाशा लावून राहिलात? मी केव्हाची खाली आले. वसंतानं अन् आणखी दोघांनी मागच्या जिन्यानं उचलून आणलं मला. मागच्या गेटला बसली आहे मी, चहावाल्याच्या बाकाजवळ. इथल्या पोरीनं माईक दिला म्हणून बोलून राहिले. या लवकर. अन् मित्राला फोन करा आधी, तिनं टीव्हीवर पाहिलं तर घाबरून जाईल पोरगी!”

पडद्यावर मास्तर थांबले. त्यांनी मान वर करून स्पीकरकडे पाहिलं. दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आणि हसले. काळ्या चेहऱ्यात त्यांचे दात मला स्पष्ट दिसले. खांबाकडे, म्हणजे जवळजवळ माझ्याकडेच बघून त्यांनी हात उंच केला, हलवला, आणि इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला पळत सुटले.

मी खूण काढली. वाट बंद झाली.

“काय केलं त्यानं?” आता तो भरदार आवाज कुठंच नव्हता.

“गेले, ताई. मागे पळाले.”

“नक्की?”

“नक्की. हसत होते. हात वर करून पळाले.”

“हसला?” त्यांनी एक लांब श्वास सोडला. भरलेला हंडा डोक्यावरून उतरवताना बाई सोडते तसा. “भोळा आहे मास्तर. कोणी काही सांगितलं तरी पटते त्याला.”

मला रडू आवरेना. हँडसेट तोंडावर दाबून धरला तरी ते पलीकडं गेलंच.

“रडू नको. कामावर आहेस तू.” मग जरा वेळानं, “बोलत राहते म्हणाली होतीस ना? मग बोल. मला नाही जमत आता. तू बोल.”

काय बोलायचं? मी आमच्या गावाचं बोलायला लागले. आमच्या घरामागच्या ओढ्याचं, आईच्या भाजणीचं, मी लहानपणी म्हशीवरून पडले होते त्याचं. त्या मध्येमध्ये हं म्हणायच्या. म्हशीच्या गोष्टीला बारीकसं हसल्यासारखं वाटलं. मग हं लांब लांब पडत गेले. मी बोलत राहिले. धाकट्या भावाच्या लग्नाचं सांगितलं, कॉलेजातल्या खोलीचं सांगितलं, पहिल्या पगारात काय घेतलं ते सांगितलं. हं यायचा थांबला होता, तरी मी बोलत होते. थांबले तर माझ्या थांबण्यामुळंच काहीतरी होईल, असं वाटत होतं. शेवटी अधिकाऱ्यांनी माझ्या हातातून हँडसेट हळूच काढून घेतला.

“पोचले जवान,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे बघून मी पुढचं विचारलं नाही.

प्रमिलाताईंना मागच्या बाजूनंच खाली आणलं. अँब्युलन्स मागच्या गेटानं गेली. मास्तर तिथं चहावाल्याच्या बाकावर बसून होते, असं टेकामनं मला नंतर सांगितलं. मी तिकडं गेले नाही. मला त्या माणसासमोर उभं राहणं शक्य नव्हतं.

चौकशी झाली. काय घडलं ते मी सांगितलं. प्रमिलाताई शेवटी स्पीकरवरून काय बोलल्या तेही सांगितलं. मास्तर पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मान खाली, हात मांडीवर. बाहेर पडताना त्यांनी मला नमस्कार केला. मी हात जोडले आणि जवळजवळ पळतच गाडीत जाऊन बसले. आपल्या बायकोनं आपल्याला फसवून लांब पाठवलं आणि या पोरीनं त्यासाठी वाट उघडून दिली, एवढंच त्यांना माझ्या तोंडावर दिसत असणार, अशी माझी समजूत होती.

त्यानंतर मी पुष्कळ इमारती केल्या. पुण्यात, हैदराबादेत, इंदुरात. नवव्या मजल्यावर लाल डबा तपासायची वेळ आली की दुसऱ्या कोणाला पाठवायचे.

कितीतरी वर्षांनी संघमित्राचा फोन आला. माझा नंबर तिनं कुठून मिळवला कोण जाणे. “माझा मंगल परिणय आहे, ताई. बाबा म्हणाले, शेडगे मॅडमला बोलवायचंच. बाकी कोणी नाही आलं तरी चालेल.”

मी गेले. नाही जाण्याचं कारण सुचेना म्हणून गेले. दुपारचं लग्न होतं, हॉल माणसांनी भरलेला. वंदना झाली, हार घातले गेले. नवरी पांढऱ्या साडीत होती आणि तिचं कपाळ मोठं होतं. मी मागच्या रांगेतून तिच्याकडे बघत होते, तोच कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला.

मास्तर. केस पार पांढरे झालेले, छाती उतरलेली. झब्बा अंगावर ढगळ दिसत होता.

“या जरा इकडं,” ते म्हणाले.

हॉलच्या मागच्या व्हरांड्यात आचाऱ्यांची भांडी पालथी घालून ठेवली होती. तिथं बरीच शांतता होती. मास्तर कठड्याला टेकले.

“एक विचारायचं होतं. इतकी वर्षं हिंमत झाली नाही.”

मी आधीच बोलून टाकलं. “सर, त्या काय बोलणार ते मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मला वाटलं, तुमच्याशी बोलायचंय त्यांना.”

“ते नाही, मॅडम. ते मी चौकशीत ऐकलं.” त्यांनी व्हरांड्याच्या बाहेर पाहिलं. “वसंता माझ्या बाजूला उभा होता.”

“कोण?”

“वसंता. तिच्या ऑफिसचा शिपाई. खाकी कपड्यात. माझा दंड धरून उभा होता आणि लेकरासारखा रडून राहिला होता. अन् वरून ती सांगते, वसंतानं मला उचलून खाली आणलं.”

त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“तेव्हाच.”

“पण तुम्ही हसलात. मी पाहिलं ना. हात केलात, पळालात.”

“खांबावर कॅमेरा होता,” मास्तर म्हणाले. “टेकाम ज्या खोलीत बसे तिथं त्याचं चित्र दिसते, हे मला माहीत होतं. ती तिथल्या माणसाला विचारणार, मास्तर गेला का. नाही म्हटलं असतं तर? मी दोनदा वर जाऊन आलो होतो. तिसऱ्यांदाही पोचलो नसतो, ते मला समजलं होतं. वाटेत मेलो असतो, अन् मला ते चाललं असतं, मॅडम. खरं सांगतो. पण ती तिथं बसून माझाच विचार करत गेली असती. मास्तर धुरात आहे, मास्तर कुठं पडला. म्हणून हसलो. चांगलं दिसलं पाहिजे म्हणून दात दाखवून हसलो.”

आत कोणीतरी माईकवर पाहुण्यांना जेवायला बसायची विनंती करत होतं. मास्तर ते संपेपर्यंत थांबले.

“कोपरा वळेपर्यंत पळालो. वळल्यावर पाय गेले माझे. चहावाल्यानं उचलून बाकावर बसवलं. मग तिथंच बसलो. तिनं तिथंच यायला सांगितलं होतं ना.”

मी कठडा धरला होता.

“तर विचारायचं ते एवढंच,” त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. “तुम्ही तिला सांगितलं का? मी गेलो म्हणून? की तोवर तिला ऐकू येणं…”

“सांगितलं, सर. लगेच सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. हसला का, असंही विचारलं. मी हो म्हणाले.”

“अन् मग? काय म्हणाली?”

मी सांगितलं. जसं त्या म्हणाल्या होत्या तसंच, त्याच शब्दांत.

मास्तर ऐकत राहिले. त्यांनी दोनतीनदा मान हलवली. ओठ हसल्यासारखे झाले आणि मग तोंड वेडंवाकडं झालं. ते भिंतीकडे वळले. एवढा मोठा माणूस भिंतीला कपाळ लावून रडत होता आणि आवाज मात्र अजिबात येत नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ ठेवला कोण जाणे.

आतून मित्राची हाक आली. “बाबा, फोटो! सारे थांबलेत!”

मास्तरांनी झब्ब्याच्या बाहीनं तोंड पुसलं, डोळे पुसले, पुन्हा तोंड पुसलं.

“बरं झालं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “म्हणजे पटलं होतं तिला.”

आणि ते मुलीकडे गेले.